राजाचा कान

न्यूयॉर्कमध्ये बंडखोरांनी इंग्लंडच्या राजाचा शिशाचा पुतळा पाडला आणि बंदुकीच्या गोळ्या ओतण्यासाठी त्याचे तुकडे आमच्या गावावरून नेले. तेव्हा आमच्या राजनिष्ठ मोच्याने, जेबेझ पिकेटने, गाडीतून एक कान लांबवला आणि चुलीखाली पुरला. दर रविवारी तो कान उकरून काढून जेबेझ त्यात निष्ठेची शपथ पुटपुटत असे.

"दुसरा कान तर वितळला," बायको म्हणे. "आता महाराजांना तुमचं ऐकून सोडूनही देता यायचं नाही!"

पुढे राजाची फौज गावात आली आणि झडतीत शिसे सापडले.

"बंडखोरांसाठी शिसं दडवतोस? फासावर चढवतो तुला!" हवालदार गरजला.

"साहेब, महाराजांचा कान आहे हो तो! जिवापाड जपलाय!"

हवालदाराने खिशातले नाणे काढले आणि त्यावरच्या राजाच्या चेहऱ्याशी कान ताडून पाहिला.

"खरंच की! महाराजांचाच," तो म्हणाला. "म्हणजे कापणारा तूच."



जेबेझ फासावर गेला. बंडखोरांनी युद्ध जिंकल्यावर गावाने त्याला स्वातंत्र्याचा पहिला हुतात्मा ठरवले आणि चौकात त्याचा पुतळा उभारला, शिशाचाच.