भरल्या ताटावरून

"तीनशे बारा." हॉलमध्ये स्टेजखाली मांडलेल्या तपासणीच्या टेबलावर डॉक्टर पूनमनं साखर मोजायचं यंत्र जगदेवीपुढे धरलं. "मागच्या महिन्यात दोनशे ऐंशी होती. काकू, तुमच्या पायाची जखम भरत नाही ती यामुळंच. असंच चाललं तर इन्सुलिन सुरू करावं लागेल. खाता तरी काय तुम्ही?" तिनं कार्डावर 'आहार' या शब्दापुढे पेन टेकवलं.

"अर्धी भाकरी वाढून घेते की," जगदेवी म्हणाली. "दोन्ही येळंला अर्धीच."

"अर्धी भाकरी खाऊन कुणाची साखर तीनशे होती व्हय?" हा आवाज स्टेजवरून आला. तो तिच्या नवऱ्याचा, गुरुशांतचा होता. त्याच्या कॉलरला माईक लावलेला होता, त्यामुळं सगळ्या हॉलला ऐकू गेलं. "मी शंभरदा सांगतो, पन ऐकंल तर शपथ. चोरून खात असंल!"

हॉल हसला. जगदेवीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आज गुरुशांतचं तोंड कोण धरणार? सत्कारच त्याचा होता. तलावाकाठी सकाळी फिरायला जाणाऱ्यांचं मंडळ होतं, त्याचा वर्धापनदिन होता आणि दीड वर्षात अकरा किलो वजन उतरवणारा तो एकटाच निघाला होता. एरवी होटगी रोडला शेतीच्या पाइपांचं दुकान चालवणारा हा माणूस, पण खांद्यावर शाल पडल्यापासून त्याच्या अंगात डॉक्टर संचारला होता. शेजारी मंडळाचे अध्यक्ष शिवशरण अप्पा पोटावर हात ठेवून कौतुकानं बघत होते. त्यांचा स्वतःचा एक किलोही हलला नव्हता.

"अकरा किलो गेलं तरी कुटं, गुरुशांत?" अप्पांनी विचारलं.

"हवेत!" गुरुशांत म्हणाला. पुन्हा हशा झाला.

मग तो सांगत सुटला. जिम नाही, काढा नाही, गोळी नाही. मोबाइलवर एक व्हिडिओ बघितला आणि आयुष्य बदललं. ताट नेहमीसारखं भरून घ्यायचं. दोन भाकरी, भात, शेंगाचटणी, सणाला गव्हाची गोड हुग्गी, सगळं. ताट भरलेलं दिसलं की डोळे निवतात. आणि अर्ध्यावर आलं की मनाला सांगायचं, साकु. पुरे! उठायचं. "सोपं न्हाय," तो म्हणाला. "आमच्या घरात वडिलांपासनंची शिस्त हाय. ताटातलं अन्न म्हंजे परसाद. कण टाकायचा न्हाय. ताट धुऊन ते पानीसुदिक प्यायचं. अशा घरात वाढलेला मानूस मी. तरी मन आवरलं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणालाच काही विचारावंसं वाटलं नाही.

जगदेवी स्टेजला लागूनच, डॉक्टरच्या टेबलापाशी बसून होती. चोरून हा शब्द तिच्या कानातून जात नव्हता. सव्वीस वर्षांत तिनं या घरात शेंगदाणासुद्धा लपवून तोंडात टाकला नव्हता. आणि आज ओळखीच्या शंभर माणसांत ती चोर ठरली होती. डॉक्टरनं कार्डावर अजून काही लिहिलं नव्हतं. आता तीही तेच लिहिणार की काय, याचीच तिला धास्ती होती.

"दाखवा की एकदा करून," अप्पा म्हणाले. जेवणाची पंगत बसायचीच होती. स्टेजवर एक ताट आलं, काठोकाठ भरलेलं. गुरुशांतनं हुग्गीवर तूप घेतलं, भाकरी मोडली आणि चवीनं जेवू लागला. लोक जादूचा खेळ बघावा तसे बघत होते. ताट निम्म्यावर आलं. त्यानं तळहात उभा धरला.

"साकु!"

टाळ्या कडाडल्या. तो उठला आणि अप्पांशी बोलता बोलता त्यानं ताट उजवीकडं, खाली, जगदेवीपुढे धरलं. तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. घरी धरायचा तसंच धरलं.

जगदेवीचाही हात सवयीनं पुढं गेला. मग मध्येच थांबला. तिनं तो हात तसाच उभा धरला, त्याच्यासारखाच.

"साकु," ती म्हणाली.

"आँ? धर की ताट."

"न्हाय धरत. तुमचं हाय. तुमी संपवा."

"माझं झालं." तो हसल्यासारखं करत होता, पण ताट हातात अवघडलं होतं. "लोक बघायलेत. परसाद हाय, टाकून देऊ व्हय आता?"

"टाकू नका. म्हनून तर सांगते, बसा अन् खावा."

मग मात्र गुरुशांतचा तोल सुटला. "रोज खातीस की गप! दोन्ही येळंला माझ्या ताटात ऱ्हायलेलं कोन खातंय मग? आजच काय झालं तुला?"

माईक कॉलरलाच होता. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही शब्द न् शब्द ऐकू गेला. अप्पांनी आधी ताटाकडं बघितलं, मग जगदेवीकडं. गुरुशांतनं माईक हातानं झाकला, पण आता झाकून काय उपयोग?

जगदेवी उठून उभी राहिली. दुखऱ्या पायावर तिनं नीट भार दिला. डॉक्टरचं पेन अजून त्या मोकळ्या ओळीवरच थांबलेलं होतं.

"लिवा, डॉक्टरबाई," ती म्हणाली. "चोरून न्हाय. ह्येंचं अकरा किलो मी खाल्लं म्हनून लिवा."