गारव्याकडे

दगडूनं बर्फाची लादी पन्हळीच्या खालच्या टोकाला ठेवली आणि पाणी थबकलं, मग वळून चक्क पत्र्याच्या वस्तीकडे यायला लागलं. अनुसयानं हंडा पुढं केला. पन्हळीला पाणी न चिकटणारा लेप होता. त्यावरून पाणी उष्म्याकडून गारव्याकडं आपसूक पळायचं, चढावरसुद्धा. साहेबलोकांनी गणित मांडून पन्हळीचं टेकडीवरच्या कॉलनीकडचं टोक गार ठेवलं होतं. तापल्या पत्र्यांखाली मग थेंब कसा थांबणार?

हंडा भरण्याआधीच कॉलनीचे रखवालदार आले. त्यांनी लादीचा भुगा केला आणि ती आणणाऱ्या दगडूच्या, अनुसयाच्या नवऱ्याच्या, डोक्यात गज घातला.

"पाणी चोरतो, भडव्या?" त्यांचा मोरक्या गरजला.

दगडू पन्हळीवर कोसळला तो उठलाच नाही. त्याचं रक्त लेपावर पसरलं नाही, मुरलं नाही. लालभडक गोळ्या होऊन ते टेकडी चढायला लागलं. मोरक्याची पाचावर धारण बसली.

"अडवा रे! वर साहेबांच्या टाकीत जाईल!" म्हणत त्यानं गज टाकून पन्हळीत हात आडवा घातला.

अनुसयानं तोच गज उचलला आणि त्याचं मनगट फोडलं.

"हात काढ, मुडद्या," ती म्हणाली. "गणित तुझ्या साहेबाचंच हाय. पिऊ दे त्याला."