साईडपट्टी

बांधावर राहिलेली एक चप्पल. रस्त्यात उसाची चेंदलेली टिपरं. ट्रॅक्टरवर ढणाणणारी गाणी. घोट्यावर दोन बारीक ठिपके.

घोणसच होती. गोरक्षनं डोळ्यांनी पाहिली होती.

मनोजचा हात हॉर्नवरून निघत नव्हता. जीपच्या मागच्या सीटवर कुसाबाई नवऱ्याच्या, गोरक्षच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. निफाडचा दवाखाना पंधरा मिनिटांवर, आणि जीप तसूभर सरकत नव्हती. पुढं ट्रॅक्टर, त्याला उसाच्या दोन ट्रॉल्या. ट्रॅक्टरच्या तोंडाला तोंड लावून कांद्याचा पिकअप, पिकअपमागं आणखी गाड्या. जीपच्या मागंही उसाचाच दुसरा ट्रॅक्टर येऊन ठेपला. उजवीकडं पाटाची खोल चारी. डावीकडं द्राक्षबागेचं कुंपण, थेट डांबराला खेटून.

मनोजनं एकदा कुंपणाकडं पाहिलं, एकदा बापाकडं.

"पोरा, बास की," कुसाबाई पुटपुटली. "तिकडं साप बी बहिरा झाला असंल."

"आई, तू पाय नको हलवू."

गोरक्ष उतरला. एका अंगाला ऊस खरचटत, दुसऱ्या अंगाला तार ओरबाडत तो कसाबसा ट्रॅक्टरपाशी पोचला. ड्रायव्हरचं नाव भिकन. त्यानं गाणं बंद केलं.

"भाऊ, घरच्या बाईला पान लागलंय! मागं घे जरासा!"

"दादा, दोन ट्रॉल्या मागं येत्यात व्हय? कात्रीवानी मुडपून आडव्या व्हतील." भिकनचं तोंड उतरलं. "पार गेल्या सालापत्तोर हितं पट्टीवर उतरून साईड द्यायचो. पट्टीच गिळली की बागवाल्यानं! कुणाचा हो हा मळा?"

गोरक्षनं कुंपणाच्या खांबाला खांदा लावला. भिकननं लावला. पिकअपवाला धम्मपाल पळत आला, त्यानंही लावला. खांब ढिम्म.

"बुडात शिमीट ओतलंय," धम्मपाल धापा टाकत म्हणाला. "लय पक्कं काम केलंय लेकाच्यानं."

"तार तोडू?" भिकननं विचारलं.

"तार तोडून काय उपेग? खांब थोडेच वाकणार हायेत?"

पिकअपमागच्या गाड्या एकेक करून मागं घ्यायला धम्मपाल ओरडत पळाला. सगळ्यात मागचा ड्रायव्हर खाली उतरून कुठंतरी चहाला गेला होता.

गोरक्ष जीपमध्ये परत आला. कुसाबाईच्या हिरड्यांतून रक्त येत होतं. त्यानं उपरण्याच्या टोकानं ते पुसलं. पुन्हा आलं. पुन्हा पुसलं.

"अहो," ती म्हणाली, "मी तवाच तुम्हाला सांगितलं व्हतं..."

"गप पड. बोलू नको."

तिनं ऐकलं.

"आई?" मनोज पुढच्या सीटवरून बापाकडं वळला. "दादा, आई बोलंना का?"

वैशाखात ही बाग रस्त्याकडं दोन ओळींनी वाढवली, तेव्हा कुंपणाचे खांब गोरक्षनं मजुरांवर न सोडता स्वतः गाडले होते.