तिन्हीत ळ नाही

तिन्ही वेबसाइटींवर ळ नव्हता.

श्यामरावांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. भावनानं लॅपटॉपवर तीन नमुने शेजारी शेजारी मांडले होते. तिन्हीत एकच सूचना होती, मंडळाच्या दारातल्या फळ्यावरून सकाळीच उतरवून घेतलेली. फळ्यावर श्यामरावांच्या अक्षरात होतं, 'रविवारी मुलांचे खेळ. वेळ सकाळी नऊ. नावे आधी कळवावी.' लॅपटॉपवर होतं, 'रविवारी मुलांचे खेल. वेल सकाली नऊ. नावे आधी कलवावी.' आणि खाली, 'मैत्री मराठी मंडल, रायपुर.'

श्यामरावांना आतल्या आत गुदगुल्या झाल्या. खोटं कशाला बोला? रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून एकोणीस वर्षं हा फळा तेच लिहीत आले होते. मंडळाची वेबसाइट कोणत्या सिस्टिमवर करायची ते उद्याच्या सभेत ठरणार होतं, आणि वेबसाइट झाली की फळा माळ्यावर जाणार होता. अध्यक्ष पद्मिनीताईंनी भावनाला बजावलं होतं, आधी श्यामरावांना विचार. विचार म्हणजे समजूत काढ, हे न कळण्याइतके ते दुधखुळे नव्हते.

भावना पंडरी बाजारातल्या कापड दुकानदारांना वेबसाइट करून द्यायची. मराठी तिला सगळी कळायची, तोंडातून मात्र हिंदीच यायची.

"ये पहलावाला सबसे आसान है, आजोबा. सब बना-बनाया मिलता है, पर अपने मन का कुछ खास बदल नहीं सकते. दूसरा वर्डप्रेस है. उसमें सब अपने हाथ का, बस अपडेट का ध्यान रखना पड़ता है. तीसरा एकदम हल्का है, पर एक लाइन भी बदलनी हो तो मुझे ही बुलाओगे."

"म्हणजे पहिली मेस, दुसरा घरचा सैपाक, अन् तिसऱ्यात तू डबा आणून देशीन."

"हव." ती हसली. "तो कौन-सा रखें?"

"कोनताच नाही," श्यामराव म्हणाले. हे वाक्य त्यांनी मघापासून जिभेवर घोळवत ठेवलं होतं. "तिन्हीत ळ नाही. ज्या मशीनले वेळ लिहिता येत नाही, ते मंडळाच्या काय कामाचं? आपला फळाच बरा."

भावनाचं हसू मावळलं. तिनं स्क्रीनकडे पाहिलं, मग दारातल्या फळ्याकडे पाहिलं. मग कीबोर्डवर एक कळ दाबली. ल उमटला. तीच कळ शिफ्ट धरून दाबली. पहिल्या नमुन्यात ळ आला. दुसऱ्यातही आला, तिसऱ्यातही.

"मशीन में तो था, आजोबा," ती हळूच म्हणाली. "मैंने ही ल लिख दिया. मुझे लगा दोनों एक ही हैं, बस आप लोग घुमाकर लिखते हो."

हातातोंडाशी आलेला घास गेला. श्यामरावांना खरं तर राग यायला हवा होता. पण पोरीचे कान लाल झाले होते, आणि ते पाहून त्यांना आपल्या गुदगुल्यांची लाज वाटली.

"तुह्यं आडनाव कसं लिहितं तू?"

तिनं टाइप केलं, भावना कांबले. "आधार पे भी यही है."

श्यामराव उठले. कपाटातून त्यांनी सभासदांचं जुनं रजिस्टर काढलं, पानं उलटली आणि एका सहीवर बोट ठेवलं. नत्थू कांबळे. बाकीची अक्षरं लहान, ळ मात्र शेजारच्या रकान्यात घुसलेला.

"तुह्या आज्याची सही. रेल्वेच्या शेडमध्ये माह्या बाजूलेच काम करे. मोठेपणी शिकला लिहाले. म्हणे, श्यामराव, आठाचा आकडा आडवा पाडला का झाला आपला ळ."

भावनानं त्या ळवरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग लॅपटॉप तिनं श्यामरावांकडे वळवला.

"दूसरेवाले में एक चीज है. मैं लिखूँगी, पर दिखेगा नहीं किसी को. पहले आपके पास आएगा. आप हाँ बोलोगे, तब छपेगा."

"अन् मी नाही म्हटलं तं?"

"तो वहीं पड़ा रहेगा."

श्यामरावांनी फळ्याकडे पाहिलं. तो जाणारच होता, मेसनं नाहीतर डब्यानं. एकोणीस वर्षांचा हात एका दुपारीत सुटत नाही.

"मंग घरचाच सैपाक बरा," ते म्हणाले. "सांग उद्या पद्मिनीताईले."

भावनानं तिथंच सूचना नव्यानं लिहिली. या वेळी ती एकेक अक्षर पाहून, थांबत थांबत लिहीत होती. मग ती तिनं श्यामरावांच्या नावानं तपासायला पाठवली. श्यामरावांनी चष्मा सावरला आणि रेल्वेच्या जुन्या सवयीनं बोट ठेवून ळ मोजले. खेळ, वेळ, सकाळी, कळवावी, मंडळ. पाचही जागच्या जागी होते.

त्यांनी खडूनं पांढरं झालेलं बोट बटणाकडे नेलं, आणि ते थांबले. सहावा ळ वर होता, लिहिणारीच्या नावात.