गढूळ बाटली

मिरजोळ्याच्या औषध कारखान्यात उल्का डोळ्यांच्या थेंबांत जंतू नाहीत ना, हे तपासायची. आज थेंब घातलेल्या बाटलीतलं पोषक द्रव गढुळलं, म्हणजे जंतू होते. माल न्यायला ट्रक उभा होता. "हातमोजा फाटला होता असं लिही," तिचे वरिष्ठ लिमयेसर म्हणाले. "चूक तुझी ठरली की चाचणी पुन्हा घेता येते. माल आजच जाऊ दे." उल्काने दुसरी बाटली दाखवली. तेच द्रव, तेच हात, फक्त औषध नव्हतं; ती नितळ होती. "हातमोजा फाटला असता तर हीसुद्धा गढुळली असती." "अगो, एवढं कोण बघतंय?" तिने गढूळ बाटली त्यांच्या डोळ्यांसमोर धरली. "यातून मी कशी दिसते?" "धूसर." "मोतीबिंदू काढण्याआधी आईला अशीच दिसायचे. काल पट्टी सुटली. डॉक्टरांनी हेच थेंब लिहून दिलेत." उल्का बाहेर ट्रकपाशी गेली. "दादा, गाडी रिकामीच न्या."