झाकणाखालची हवा

सव्वीसच. त्याने पुन्हा मोजली. गोरामी माशांची पिल्लं तांदळाच्या दाण्याएवढी, पाणी कोऱ्या चहासारखं तांबूस. चुकलं असेल म्हणून तिसऱ्यांदा मोजली. सव्वीसच. काल चाळिसाच्या वर होती. तळाशी पांढरे ठिपके पडले होते. टाकीच्या झाकणाच्या कोपऱ्यातल्या बोटभर भोकातून नळी घालून त्याने ते ओढून घेतले आणि बेसिनमध्ये ओतले.

ही शेवटची खेप होती. बायकोला जाऊन अकरा महिने झाले होते. तिने वाढवलेल्या जोडीतली मादी अंडी घातल्यावर आठवड्यात मेली. नर म्हातारा झालेला, वेगळ्या बरणीत एका बाजूला कलून पडलेला असायचा. ही पिल्लं गेली की टाकीत ठेवायला काही उरणार नव्हतं. आणि रिकामी टाकी त्याची बहीण एक दिवस घरात राहू देणार नव्हती. दर रविवारी यायची आणि विचारायची, दादा, हे डबकं अजून आहेच का?

बहिणीचा हात असाच उरकता. वहिनी गेल्यावर पंधरा दिवसांत तिने कपाट रिकामं केलं. कपडे, चादरी, उशांचे अभ्रे, सगळं साबणाच्या पाण्यातून काढलं आणि निम्मं वाटून टाकलं. तुझ्या पोरीला सारखं दिसायला नको, म्हणाली. मन साफ होतं तिचं. घराला तेव्हापासून साबणाचा वास येतो.

टाकीच्या काचेवर बायकोच्या अक्षरातल्या कागदी पट्ट्या मात्र तशाच होत्या. ‘अंडी झाली की मादी बाहेर.’ ‘तिसऱ्या दिवशी नर बाहेर, नाहीतर पोरांनाच खाईल.’ आणि झाकणावर, खाली दोन रेघा मारून, ‘उघडायचं नाही.’ गोरामीला नुसत्या कल्ल्यांवर भागत नाही. पिल्लं तीन-चार आठवड्यांची झाली की वर येतात आणि हवेचा घोट घेतात. तेव्हा झाकणाखालची हवा कोमट आणि ओलसर लागते. खोलीतली गार हवा आत शिरली की संपलं. लगेच नाही मरत. दुसऱ्या दिवशी तळाशी सापडतात.

तो जवळजवळ सगळं तिच्यासारखंच करत होता. बदामाच्या झाडाची वाळकी पानं तिच्यासारखीच निवडून पाण्यात सोडायचा. त्या पानांचा रंग उतरायचा, वासही उतरायचा. ती होती तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत ह्याच पाण्यात असायचे. पोळ्या लाटतानासुद्धा तिच्या बाह्यांना तो वास यायचा. तेव्हा तो नाक मुरडायचा.

दुपारी कुणीतरी झाकण उघडत होतं. हे त्याला थेंबांवरून कळलं. झाकणाच्या आतल्या बाजूला थेंब दाट धरलेले असतात. तो कामावरून यायचा तेव्हा ते ओघळून एका कडेला गोळा झालेले असायचे. घरात दोनच माणसं. जेवताना त्याने मुलीला विचारलं. मी कशाला उघडू, असं ती ताटाकडे बघत म्हणाली. बारा वर्षांची होती. खोटं बोलायला अजून जमत नव्हतं.

तो चष्म्याच्या काचा घासायचं काम करायचा. मालक तोंडाळ, पण वाईट नाही. लोकांना लख्ख दिसावं म्हणून पगार घेतोस, तो म्हणायचा, आणि स्वतःच्या चष्म्यावर हे डाग. वर रोज पंधरा मिनिटं उशीर. ह्याने शर्टाच्या टोकाने काचा पुसल्या आणि मशीन चालू केलं.

दुसऱ्या दिवशी मुलगी शाळेत गेल्यावर, स्वतः निघायच्या आधी, त्याने झाकणाच्या कडेला चिकटपट्टी लावली. संध्याकाळी पट्टी जागेवर होती, पण एक टोक नीट बसलेलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी तो दुपारीच रजा टाकून घरी आला. दार हळूच उघडलं.

ती स्टुलावर उभी होती. दप्तर पाठीलाच. दोन्ही हातांनी झाकण वीतभर उचललेलं आणि कानापर्यंत चेहरा आत. त्याने ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्याला तिचं दप्तर दिसलं. ते हळूहळू वर जात होतं, खाली येत होतं. ती श्वास घेत होती.

तिने झाकण खाली ठेवलं आणि वळली. केसांची झुलपं ओली, नाकाच्या शेंड्यावर थेंब. त्याला बघून ती खाली उतरली नाही.

“आईचा वास आहे,” ती म्हणाली. “घरात दुसरीकडे कुठेच नाही राहिला. आत्याने सगळं धुतलं.”

तिने काचेतून तळाकडे पाहिलं. आजचे चार ठिपके पडले होते. मग तिचा चेहरा हळूहळू बदलला.

“बाबा, मी शाळेतून आल्यावर एकदाच उघडते. दहापर्यंत मोजते आणि लगेच लावते. तेवढ्याने मरतात?”

हो म्हटलं असतं तर काम झालं असतं. तिने पुन्हा कधी त्या झाकणाला हात लावला नसता. आणि जन्मभर ते चार ठिपके तिच्या डोळ्यांसमोर राहिले असते.

त्याने चष्मा काढला. काचांवर सकाळचे थेंब सुकून राहिले होते.

“नाही,” तो म्हणाला. “तू शाळेत गेलीस की सकाळी मी उघडतो. मी मोजत नाही.”