मार्सेलिसचा पाव्हणा

“मार्सेलिस बंदरात शिरताना पहिल्यांदा काय दिसतं हो?”

सारजानं विचारूनच टाकलं. खिडकीबाहेर वर्गातल्या मैत्रिणी फिस्सकन हसल्या. ‘विचारून दाखव’ अशी पैज त्यांनीच लावली होती.

आईनं डोळे वटारले. थोरलीला बघायला पाव्हणे आले की धाकटीनं आतच बसायचं, हा रिवाज. पण सारजा दारातून हलेना. अकरावीतली मुलगी काय चुलीमागं लपून बसते?

पाव्हणा मानसिंग मूळचा वेळापूरचा, मालबोटीवर इंजिनियर. बायकोला सफरीवर नेता येतं, हे स्थळ आणणाऱ्या रावजीमामांनी आधीच सांगितलेलं. त्याचा चेहरा एकदम खुलला. “दोन किल्ले! जुन्या बंदराच्या तोंडाशी, समोरासमोर. आत धक्क्यावर कोळणी जिती मासळी विकत्यात. भांडत्यात तर अशा, की आपला मंगळवार बाजार बरा!”

“आणि तुमची बोट?”

“ती पलीकडं, मालाच्या धक्क्याला. क्रेना दिवसभर गाठी उतरवत्यात. जुनं बंदर तर अडीच हजार वर्षं चालू हाय.”

पाटावर थोरली कस्तुराआक्का मान खाली घालून बसली होती. तिला त्यानं नाव तेवढं विचारलं.

सारजाच्या पोटात दुखायला लागलं. जिला नकाशात सोलापूर सापडत नाही, ती जाणार मार्सेलिसला! आणि आपण? जन्मभर घरातल्या हातमागांची खटखट ऐकायची. दोन दिवस ती आक्काशी बोलली नाही. वेणीसुद्धा स्वतःच घातली, वाकडी.

तिसऱ्या दिवशी रावजीमामा आले ते चपला न काढताच म्हणाले, “पोरगी पसंत हाय. पण थोरली न्हाय, धाकटी! लई चुणचुणीत हाय म्हणतो.”

सारजाच्या डोळ्यांसमोर दोन्ही किल्ले उभे राहिले. ती हरखून वळली.

आक्का सारजाच्याच शाळेच्या परकराची घडी घालत होती. हात थांबले होते.

“जा की गं,” आक्का हसून म्हणाली. “मला तसं बी लई पाणी बघून भ्या वाटतं.”

लहानपणी विहिरीत पहिली उडी आक्काच मारायची.

आबा आईकडं बघत होते, आई जमिनीकडं. सारजा दोघांच्या मधे जाऊन उभी राहिली.

“आबा, आई, मामांना आत्ताच सांगून टाका. आमच्या आक्काला नको म्हणणाऱ्या माणसाबरोबर मी ह्या इथल्या टेंभुर्णीपर्यंतसुद्धा जायची न्हाय!”